चतुष्पथावरील बली : आंतरविद्याशाखीय अभ्यासाच्या पहिल्या पाठाचा विचार

मानव्यविद्यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'आंतरविद्याशाखीय' हे विशेषण आता इतके रुळले आहे की, त्याचा अर्थ विचारणे हेच काहीसे अडाणीपणाचे वाटावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 'बहुविद्याशाखीय' शिक्षणाचा पुरस्कार केल्यापासून तर ही दोन विशेषणे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जात आहेत. वस्तुतः त्यांच्यात मोठे अंतर आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्राची एक प्रश्नपत्रिका आणि मानसशास्त्राची दुसरी प्रश्नपत्रिका द्यावी, ही बहुविद्याशाखीय व्यवस्था झाली. तिच्यात दोन विषय एका गुणपत्रिकेवर शेजारी बसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. एका शास्त्रातला प्रश्न त्या शास्त्राच्या साधनांनी सुटेनासा होतो आणि तो सोडविण्यासाठी दुसऱ्या शास्त्राचे दार ठोठावावे लागते, तेथे आंतरविद्याशाखीय अभ्यासाचा आरंभ होतो. पहिली गोष्ट वेळापत्रकाने साधते. दुसरीसाठी प्रश्न पडावा लागतो.

हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे विद्यार्थ्याला या अभ्यासाची ओळख करून देण्याची जी पद्धत सर्वत्र रूढ होत आहे, ती उफराटी झाली आहे. प्रथम संज्ञेची व्याख्या, मग तिचे प्रकार, मग तिचे फायदे-तोटे आणि शेवटी वेळ उरल्यास एखादे उदाहरण, असा तो क्रम. या क्रमाने शिकलेला विद्यार्थी आंतरविद्याशाखीय अभ्यासाविषयी पंधरा मिनिटे बोलू शकतो. परंतु तो अभ्यास करताना मनुष्य नेमका कोठे अडतो आणि अडल्यावर काय करतो, हे त्याने पाहिलेले नसते. पोहण्याचे शास्त्र फळ्यावर शिकविण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल. त्याऐवजी एकच चांगला निबंध घ्यावा, तो वर्गात सावकाश वाचावा, आणि त्यातील प्रत्येक वळणावर थांबून संशोधकाला येथे वळावे का लागले, असे विचारावे. हा मार्ग अधिक फलदायी ठरेल. असा निबंध महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला दूर शोधावा लागत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) या ग्रंथातील 'ॲट द क्रॉसरोड्स' हा निबंध या कामी सर्वांत उपयुक्त आहे. आणि त्याच्यातील गुणांइतकेच त्याच्यातील कच्चे दुवेही शिकविण्याजोगे आहेत.

निबंधाचा आरंभ शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकातील एका साध्या प्रसंगाने होतो. पहिल्या अंकात दरिद्री झालेला चारुदत्त गृहदेवतांचे बलिकर्म आटोपतो आणि आपल्या विदूषक मित्राला, मैत्रेयाला, चतुष्पथावर जाऊन मातृकांना बली ठेवून येण्यास सांगतो. मैत्रेय आढेवेढे घेतो. नाटकाच्या दृष्टीने हे सारे पुढच्या घटनेची तयारी करण्यापुरते आहे. दार उघडावे, वसंतसेना आत यावी, एवढाच त्याचा हेतू. देवलांच्या संगीत रूपांतरामुळे हे कथानक मराठी प्रेक्षकाच्या पिढ्यान् पिढ्या परिचयाचे झाले आहे. तरीही या बलीपाशी थांबावे असे फारसे कोणाला वाटले नाही. कोसंबी थांबतात आणि विचारतात : मातृकांची पूजा चौरस्त्यावरच का? घरात का नाही, देवळात का नाही?

प्रश्न भाषेचा नाही. वाक्याचा अर्थ स्वच्छ आहे. व्याकरण, कोश, टीका या संस्कृतज्ञाच्या साधनांनी जे सांगावयाचे ते सांगून झालेले असते, आणि तरीही काही उरते. कोसंबी आधी ग्रंथांतच शोध घेतात. मातृकांचा समूह, स्कंदाशी त्यांचा संबंध, त्यांची भयावह आणि वत्सल अशी दोन्ही रूपे, हे सारे ते तपासतात. त्यातून मातृपूजेचा पसारा दिसतो. पण चौरस्त्याचे कोडे सुटत नाही. विद्यार्थ्याला येथे पुस्तक मिटावयास सांगून अदमास करू द्यावा की, आता संशोधकाने कोठे जावे? बहुतेक जण आणखी एका ग्रंथाचे नाव घेतील, कारण ग्रंथापासून ग्रंथाकडे जाणे हीच मानव्यविद्यांची सवय आहे. कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर जातात.

तेथे त्यांना संस्कृत ग्रंथांना ठाऊक नसलेल्या देवी भेटतात. शेंदूर फासलेला तांदळा, क्वचित नुसता दगड; नावे अशी की ज्यांची व्युत्पत्ती कोणत्याही कोशात सापडू नये. अनेकींना पती नाही. काहींची ठाणी गावात नसून गावापासून दूर, आज वस्ती नसलेल्या जागी आहेत, आणि तरीही वर्षातून एकदा पालखी तेथे जाते. या ठाण्यांच्या परिसरात कोसंबींना सूक्ष्मास्त्रे, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाची अश्मयुगीन बारीक हत्यारे, विखुरलेली आढळली. शेती येण्यापूर्वी कळपांमागे आणि शिकारीमागे ऋतुमानाप्रमाणे हिंडणाऱ्या टोळ्यांच्या वाटा ज्या ठिकाणी मिळत, तेथे त्यांची गाठ पडे, वस्तूंची देवघेव होई आणि त्यांच्या देवतांची स्थानेही तेथेच असत, असा तर्क ते मांडतात. चारुदत्ताच्या काळचा नागर चतुष्पथ हा या आदिम चव्हाट्याचा वारस ठरतो. पुढे याच वाटांवरून व्यापारी तांडे जाऊ लागले, आणि त्या वाटांच्याच अनुरोधाने कार्ले, भाजे, बेडसे येथील बौद्ध लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहावरील लेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे आणि धेनुकाकटाच्या यवनांचे नाव येते, ते या रहदारीचेच साक्षी होत. त्याच कार्ल्याच्या लेण्याच्या दारात आज एकवीरा आहे, आणि बेडशाच्या विहारात यमाई.

दक्षिण कोकणच्या गावरहाटीत 'चव्हाटा' हे देवस्थानाचेच नाव आहे, आणि घाटावर अजूनही तिठ्यावर उतारा टाकला जातो. मराठी भाषक विद्यार्थ्याला मैत्रेयाचा बली त्यामुळे मुळीच परका वाटू नये. पण तो वर्गात बसला की या ओळखीचा त्याला विसर पडतो. घरात पाहिलेली गोष्ट ही पुराव्याच्या कोटीतील आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

या निबंधाचे शैक्षणिक मोल त्याच्या निष्कर्षात नाही. निष्कर्ष तर अनेक ठिकाणी वादग्रस्त आहे. मुख्य आक्षेप असा की, सूक्ष्मास्त्रे आणि देवीचे ठाणे एका जागी सापडणे वेगळे, आणि त्या दोहोंत अखंड परंपरा असणे वेगळे. दोहोंच्या मध्ये सहस्रावधी वर्षांचा काळ आहे. टेकडीवरची सपाट, पाण्याजवळची, दूरवर नजर पोहोचणारी जागा अश्मयुगीन माणसाला ज्या कारणाने आवडली, त्याच कारणाने ती फार पुढच्या धनगरालाही आवडू शकते. त्यासाठी देवी टिकून राहावयास हवी असे नाही. ही ठाणी आणि हत्यारे खरोखर एकत्र येतात की शोधणारा ठाण्यांपाशीच अधिक शोधतो, हे ठरविण्यास ठाणी नसलेल्या टेकड्याही तितक्याच बारकाईने पाहिल्या पाहिजेत. संख्याशास्त्राच्या जाणकाराला हा आक्षेप सुचावयास हवा होता, असे कोणी म्हणेल. आणि ते अयोग्य होणार नाही. परंतु लक्षात घ्यावयाचे ते असे की, हा आक्षेप घेण्यासाठी पुरातत्त्वाचे ज्ञान लागते. निबंधाने संस्कृतच्या विद्यार्थ्याला अशा ठिकाणी आणून सोडले आहे की, त्याला सहमत व्हावयाचे असो वा नसो, आता हत्यारे कशी ओळखतात आणि स्तर कसे वाचतात हे शिकल्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या पाठाने याहून अधिक काय करावयाचे असते?

अर्थात कोसंबींना हे वळण घेण्याचा अधिकार कोठून आला, हाही प्रश्न वर्गात निघाला पाहिजे. त्यांच्या नावाचा उपयोग पुष्कळदा 'एका विषयाच्या भिंती मोडणारा विद्वान' अशा सैल गौरवासाठी केला जातो. त्यामुळे विद्यार्थ्याचा असा ग्रह होतो की, भिंती मोडण्याची हिंमत असली म्हणजे झाले. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. ते व्यवसायाने गणिती होते. फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचेच काम केले. इतिहासात त्यांनी पहिले महत्त्वाचे पाऊल टाकले ते आहत नाण्यांच्या मार्गाने, आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तराजू आणि गणित यांखेरीज त्यांनी फारसे काही वापरले नाही. चलनात फिरणारे नाणे झिजते. ज्या गटाचे चलन अधिक काळ झाले त्या गटाचे सरासरी वजन उतरते आणि वजनांतील विषमता वाढते. म्हणून एकाच निधीतील निरनिराळ्या गटांची वजने घेतली तर त्यांचा कालक्रम लावता येतो. कल्पना इतकी सोपी आहे; पण ती खरी धरण्यापूर्वी त्यांनी समकालीन चलनातील नाणी मोठ्या संख्येने तोलून झिजेचा नियम पडताळून पाहिला. नाणी पाडताना वजन कितपत काटेकोर ठेवले जाई, यासारख्या प्रश्नांवर नाणकशास्त्रज्ञांत पुढे वाद झाले. तरी वाद घालण्याजोगे काहीतरी टेबलावर आले, हे त्या पद्धतीचेच श्रेय.

तीच गोष्ट भर्तृहरीची. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शतकत्रयीच्या आवृत्तीसाठी त्यांनी शेकडो हस्तलिखितांचा पडताळा घेतला. पाठचिकित्सा हे कष्टाचे, कंटाळवाणे आणि यशाची खात्री नसलेले काम आहे. ते करण्यासाठी गणितज्ञाने संस्कृतज्ञांच्या अटी मान्य केल्या. दुसऱ्या शास्त्राच्या घरात जाताना पाहुण्यासारखे न जाता उमेदवारासारखे जावे लागते, ते असे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुखटणकर हेही केंब्रिजला गणित शिकलेले, हा केवळ योगायोग मानावा काय? कदाचित तसेच असेल. परंतु हस्तलिखितांची वंशावळ लावण्याच्या कामात ज्या मनाची गरज असते ते मन त्यांनी कोठून आणले, याचा विचार करण्यास हरकत नाही. शिवाय सुखटणकरांच्या १९३६ च्या भृगुवंशविषयक निबंधात पाठचिकित्सेतून निघालेला प्रश्न समाजेतिहासाच्या दाराशी कसा येऊन ठेपतो, तेही पाहण्यासारखे आहे.

आता दुसरी बाजू. कोसंबींचेच एक अपयश पहिल्या निबंधाच्या जोडीने वाचल्याखेरीज पाठ पुरा होत नाही. विद्याकराच्या 'सुभाषितरत्नकोश' या अकराव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास सिद्ध झालेल्या संग्रहाची आवृत्ती त्यांनी व्ही. व्ही. गोखले यांच्या समवेत संपादित केली. ती १९५७ मध्ये हार्वर्ड ओरिएंटल सीरीजमध्ये निघाली. तिच्या प्रास्ताविकातील संग्रहकाराविषयीचा आणि त्याच्या बौद्ध विहारीय पार्श्वभूमीविषयीचा भाग अत्यंत मोलाचा आहे. हे काव्य कोणासाठी लिहिले गेले, कवीचे पोट कोणावर अवलंबून होते, या प्रश्नांचा पाठपुरावाही योग्यच होता. संस्कृत काव्याच्या अभ्यासात ते विचारले जात नव्हते आणि विचारले जाणे अगत्याचे होते. पण तेथून त्यांची लेखणी एक उडी घेते. हे काव्य अवनत वर्गाच्या आश्रयाला होते, म्हणून ते काव्य म्हणूनही अवनत, असा निवाडा ती देऊ लागते. याच संग्रहाचे इंग्रजी भाषांतर १९६५ मध्ये प्रसिद्ध करताना डॅनियल इंगॉल्स यांनी या निवाड्याला स्पष्ट विरोध केला आणि संस्कृत काव्याचे गुण त्या काव्याच्या स्वतःच्या संकेतांत, त्याच्या भाषेच्या घडणीत आणि ध्वनीच्या सिद्धान्तात शोधले पाहिजेत, अशी भूमिका घेतली.

या वादात कोणाची सरशी झाली ते ठरविण्यापेक्षा कोसंबींची पद्धत येथे कोठे मोडली, हे विद्यार्थ्याला दाखवून देणे अधिक महत्त्वाचे आहे. चतुष्पथाच्या निबंधात अडचण संहितेतच होती. संहितेने विचारले आणि टेकडीने उत्तर दिले, निदान देण्याचा प्रयत्न केला. सुभाषितांच्या बाबतीत संहितेने काहीच विचारलेले नाही. समाजशास्त्र स्वतःचे उत्तर घेऊन आले आणि त्याला जुळेल असा प्रश्न काव्यावर लादला गेला. आश्रयदात्याच्या वर्गावरून काव्याचा विषय, त्याची भाषा, त्यातील मौने यांचा उलगडा होऊ शकेल. एक श्लोक दुसऱ्यापेक्षा सरस का, हे त्यावरून कळत नाही, कारण दोन्ही श्लोकांचा आश्रयदाता एकच असू शकतो. एका विद्येने दुसरीला मदत करणे आणि एका विद्येने दुसरीवर हुकूम चालविणे, यांतील सीमारेषा एकाच लेखकाच्या लेखनात इतकी स्पष्ट क्वचितच पाहावयास मिळते. आंतरविद्याशाखीय म्हणून आज जे प्रबंध लिहिले जातात, त्यांतील बरेच या रेषेच्या पलीकडचे असतात. कादंबरी घ्यावयाची, तिच्यावर एखादा सामाजिक सिद्धान्त ठेवावयाचा आणि सिद्धान्त खरा असल्याचे कादंबरीकडून वदवून घ्यावयाचे. अशा व्यवहारात कादंबरीही समजत नाही आणि सिद्धान्तही तपासला जात नाही.

मराठीतच लिहिलेल्या आणि मराठीच्या विद्यार्थ्याला अधिक जवळच्या अशा ग्रंथाकडे यानंतर वळता येईल. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) हा तो ग्रंथ. विठ्ठल हा मूळचा गोपजनांचा, गवळी-धनगरांचा देव असून त्याचे पुढे वैष्णवीकरण झाले, हे त्यातील मुख्य प्रतिपादन. त्यासाठी ढेरे स्थलपुराणे, शिलालेख, मूर्तिलक्षणे, संतांचे अभंग आणि पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणचे विठोबा-बिरदेवाचे जोडदैवत, असे नानाविध पुरावे एकत्र आणतात. गुंथर सोंथायमर यांचा बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांवरील जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये निघाला होता. धनगरांच्या मौखिक परंपरेची जी सामग्री त्यातून पुढे आली, तिचे महत्त्व ढेऱ्यांनी ओळखले. एका जर्मन संशोधकाने वाड्यांवर बसून ऐकलेल्या ओव्या आणि पुण्यातील एका व्यासंगी पंडिताने आयुष्यभर वाचलेल्या पोथ्या यांची ही गाठ मराठी संशोधनातील एक अपूर्व घटना आहे.

ढेरे यांचा ग्रंथ वाचताना विद्यार्थ्याने जपावयाचे ते वेगळ्याच ठिकाणी. येथे हुकूमशाही नाही. उलट सर्व पुरावे सौहार्दाने एका पंगतीत बसलेले आहेत, आणि धोका त्यातच आहे. प्रत्येक पुराव्याची बोलण्याची मर्यादा निराळी असते. पंढरपूरचा 'चौऱ्यायशीचा शिलालेख' म्हणून प्रसिद्ध असलेला लेख शके ११९५ ते ११९९ या काळातील देणग्यांची नोंद करतो, आणि दात्यांत यादव राजा रामचंद्र व हेमाद्रिपंडित यांची नावे आहेत. त्या काळी देवळाला केवढी प्रतिष्ठा होती, हे त्यावरून निर्विवाद सिद्ध होते. देव मूळचा कोणाचा, याविषयी तो लेख मुका आहे. स्थलपुराण देवाच्या उगमाची कथा सांगते. पण ती कथा रचणाऱ्याला काय सिद्ध करावयाचे होते, हे आधी विचारावे लागते. धनगरी ओवी आज ऐकलेली असते. तिच्यातील जुने कोणते आणि पंढरीच्या वारीतून परत ओवीत शिरलेले कोणते, हे वेगळे काढणे महाकठीण. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हणून ती खरी, असे म्हणण्यापूर्वी त्यांनी ती एकमेकांकडून ऐकलेली नाही, याची खात्री पटावयास हवी. ढेरे यांना याची जाण नव्हती असे नाही. परंतु समन्वयाची ओढ ग्रंथाच्या नावातच आहे, आणि ती काही प्रकरणांत पुराव्याच्या पुढे धावते. नामसादृश्यावरून काढलेली अनुमाने तर विशेष सावधपणे वाचावीत. एवढे म्हटल्यानंतरही ज्या विद्यार्थ्याने हा ग्रंथ पुरावे वेगवेगळे मांडून, त्यांचे बलाबल तोलून वाचला, त्याला संशोधनपद्धतीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळणार नाही इतके शिक्षण त्यातून मिळेल.

इरावती कर्वे यांच्या 'युगान्त' (१९६७) चा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो आणि तो साहजिक आहे; पण पहिल्या पाठाला तो ग्रंथ योग्य नाही. त्यातील आप्तसंबंधांची मर्मदृष्टी १९५३ मधील त्यांच्या भारतीय आप्तव्यवस्थेवरील ग्रंथातून आलेली आहे. ती शिस्त 'युगान्त'च्या प्रवाही गद्याखाली इतकी जिरून गेली आहे की नवख्या वाचकाला ती दिसतच नाही, आणि त्याला वाटते की महाभारतावर असे सहज लिहिता येते.

राहता राहिला व्यवस्थेचा प्रश्न. तो किरकोळ नाही, कारण त्यात विद्यार्थ्याच्या आयुष्याची काही वर्षे गुंतलेली असतात. असा पाठ एका विभागाच्या एका अध्यापकाने देऊन भागणार नाही. 'मृच्छकटिक' उलगडणारा आणि सूक्ष्मास्त्र हातात घेऊन ओळखणारा, असे दोघे एकाच वर्गात, एकाच तासाला असावे लागतील, आणि त्यांनी विद्यार्थ्यांसमोर एकमेकांशी असहमत होण्याची तयारी ठेवावी लागेल. विद्यापीठांच्या कार्यभाराच्या हिशेबात दोघांनी घेतलेला एक तास कोणाच्या नावावर मांडावयाचा, हे अजून ठरलेले नाही. आणि या एका क्षुल्लक कारणाने किती चांगल्या योजना बारगळतात, हे विभागप्रमुखांना ठाऊक असते. प्रबंधाची गोष्ट याहून अवघड. दोन शास्त्रांच्या सीमेवरील प्रबंध दोन परीक्षकांकडे जातो. संस्कृतचा परीक्षक पुरातत्त्वाची प्रकरणे विश्वासाने सोडून देतो, पुरातत्त्वाचा परीक्षक संस्कृतची. आणि प्रबंधाचे सारे बळ ज्या सांध्यात असावयाचे तो सांधा कोणीच तपासत नाही. दुबळा प्रबंध यामुळे तरून जातो, आणि सबळ प्रबंधाला कोणी दाद देत नाही.

त्यानंतर पदवी मिळते. अध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा विषयवार घेतली जाते आणि पदांच्या जाहिरातीही विषयवारच निघतात. ज्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी 'भिंती मोडा' असे सांगितले, तो पाच-सहा वर्षांनी अर्ज भरताना कोणत्या रकान्यात कोणता विषय लिहावा या विवंचनेत सापडतो. म्हणून आंतरविद्याशाखीय अभ्यासाची ओळख करून देणाऱ्या अध्यापकाने आरंभीच विद्यार्थ्याला त्याची मूळ विद्या कोणती, हे विचारावे आणि तिच्यात त्याला पक्के करावे; त्याच्या चरितार्थासाठी तर ते हवेच, पण मुख्यतः यासाठी की, चतुष्पथावर बली ठेवावयास निघालेल्या माणसाचे घर कोठेतरी असावे लागते.

निदान एक सुधारणा तर विनाखर्च आणि उद्यापासून करता येईल. सीमेवरील प्रबंधासाठी दोन्ही परीक्षकांना विद्यापीठाने एकच लेखी प्रश्न पाठवावा : यातील कोणते विधान दोन्हींपैकी एका विद्येच्या साधनांनी करता आले नसते, आणि ते सिद्ध झाले आहे काय? दोघांनीही त्याचे उत्तर द्यावे, आणि ती दोन उत्तरे मौखिक परीक्षेच्या वेळी उमेदवारासमोर वाचून दाखवावीत.